रिकामी जागा: महिन्याच्या बोलीवर की लांब पट्ट्यावर?

वस्तीतली एखादी इमारत बंद पडून असते, कोपऱ्यावरचा भूखंड वर्षानुवर्षं पत्र्याआड असतो, आणि एक दिवस मालक म्हणतो, "वापरा हवं तर." इथून पुढे दोन रस्ते फुटतात. एक, महिन्याच्या नोटिशीवर तात्पुरता परवाना घ्यायचा आणि येत्या आठवड्यात कुलूप काढायचं. दुसरा, संस्था नोंदवायची, निधी उभा करायचा आणि जागा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर किंवा विश्वस्त संस्थेच्या मालकीत घ्यायची, मग त्याला दोन वर्षं लागोत की पाच. तालमीची खोली, दुरुस्तीचं टेबल, बाग, रंगवलेल्या भिंती हे सगळं कशाला हवं ते तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी दोन्ही प्रकारच्या गटांत राबलो आहे आणि सध्या एकाच प्रकारात टिकून आहे. तेव्हा माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, ते लक्षात घेऊनच वाचा.

आधी तात्पुरत्याची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात मुख्य रस्त्यावरची दुकानं ओस पडली होती, तेव्हा २००८ मध्ये मार्कस वेस्टबरीने 'रिन्यू न्यूकॅसल' सुरू केलं. मालक जागा द्यायला कचरतो तो ती परत मिळेल की नाही या धास्तीने. वेस्टबरीने त्या धास्तीवरच बोट ठेवलं: रीतसर भाडेकरार नाहीच, तीस-तीस दिवसांचा परवाना, नेहमीचा भाडेकरू मिळाला की जागा सोडायची. चित्रकार, छायाचित्रकार, कपडे शिवणारे, दागिने घडवणारे आत आले. भांडवल जवळजवळ लागलं नाही, आणि ज्या रस्त्याने कोणी जात नव्हतं तिथे माणसं थबकायला लागली. अनेक शहरांनी हा नमुना उचलला तो उगाच नाही.

याचा आणखी एक गुण कागदावर दिसत नाही. ज्यांना सभा, ठराव, इतिवृत्त यांचा कंटाळा आहे तेही हातात ब्रश घेऊन येतात. आमच्या पहिल्या गटात सर्वांत कामाची माणसं हीच होती. पुढे लांब पट्ट्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा त्यांतली निम्मी पहिल्या दोन सभांनंतर दिसेनाशी झाली, आणि त्यांना मी दोष देत नाही. शिवाय तात्पुरत्या जागेत एखादा उपक्रम फसला तर तो निमूट बंद करता येतो, कर्ज मागे राहत नाही. नव्या गटाला ही मोकळीक फार मोलाची वाटते.

मग माझं कुठे अडलं? सगळ्यांना वाटतं, हाकलून दिलं असेल. तसं काही झालं नाही. मालक सज्जन होता आणि आम्ही त्या जागेत धरून चाललो होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ राहिलो. अडलं ते तारखेवर. आम्हाला पुढची तारीख देता येत नव्हती.

ऐकायला किरकोळ वाटेल, पण वस्तीतलं जगणं नेमलेल्या वारावर चालतं. आमचं दुरुस्तीचं टेबल बुधवारी संध्याकाळी असायचं. पंखे, मिक्सर, सायकली, शिलाई मशीन असं काहीबाही यायचं. एखादी वस्तू उघडली की सुटा भाग मागवावा लागतो, म्हणजे ती पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या बुधवारवर जाते. पुढच्या बुधवारी आहात ना, असं कोणी विचारलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. प्रत्येक फलकावर खाली बारीक अक्षरात 'जागा उपलब्ध असल्यास' हे तीन शब्द लिहावेच लागायचे, आणि ते वाचून वयस्कर माणसं यायचीच बंद व्हायची. दोन जिने उतरून, हातात जड मशीन घेऊन, असल्यास-नसल्यासच्या भरवशावर कोण येईल?

हाच काच प्रत्येक गोष्टीला लागला. गाण्याच्या वर्गाला नवी मुलं घेतली नाहीत, कारण शिकवणाऱ्याला अर्ध्यावर सोडायचं नव्हतं. नाटकाच्या मंडळींनी छोटी एकांकिका बसवली, मोठं नाटक घेतलं नाही. खताचा खड्डा करायचा म्हटलं तर पालापाचोळा कुजायलाच काही महिने हवेत. कामाच्या टेबलाला लोखंडी व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) बसवायची होती, पण टेबल जमिनीला ठोकायची परवानगी नव्हती, आणि हलत्या टेबलावरची व्हाइस असून नसल्यासारखी. सगळं सामान घडीचं, चाकांवरचं, अर्ध्या तासात गुंडाळता येईल असं. पाहुण्यासारखं राहायचं आणि घर मात्र आपणच झाडायचं, असा तो प्रकार होता.

पर्यावरणाच्या बाजूनेही हे मला खटकत गेलं. जुनी इमारत पाडण्यापेक्षा वापरात ठेवणं चांगलं, कारण तिच्या विटा-सिमेंट-लोखंडात खर्ची पडलेली ऊर्जा वाया जात नाही, हे आपण सगळे म्हणतो. पण हा हिशेब जुळायचा तर इमारत पुढची काही दशकं वापरात राहायला हवी. तीस दिवसांच्या परवान्यावर छताला उष्णतारोधक थर कोण देईल? खिडक्यांच्या फटी कोण बुजवेल, पावसाचं पाणी साठवायची टाकी कोण बांधेल? आम्ही तिथे पंखे वाढवले, एवढंच.

बागेचंही तेच. बर्लिनमध्ये मोरिट्झप्लाट्झजवळच्या पडीक जागेवर २००९ मध्ये 'प्रिन्त्सेसिनेनगार्टन' सुरू झाली तेव्हा पट्ट्याची खात्री नव्हती, म्हणून भाजी पावाच्या क्रेट्समध्ये आणि तांदळाच्या पोत्यांत लावली, उचलून नेता यावी म्हणून. कल्पना हुशारीची, आणि २०१२ मध्ये जागा विकायचं घाटत होतं तेव्हा लोकांनी ते लढून थांबवलंही. पण पोत्यात झाड वाढत नाही. ज्यांना सावली हवी त्यांना जमीनच लागते.

न्यूयॉर्कचा अनुभव याहून बोलका आहे. लिझ क्रिस्टी आणि 'ग्रीन गुरिलाज'नी १९७३ मध्ये बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा उकिरडा साफ करून बाग केली. पाहता पाहता शहरभर अशा बागा झाल्या, बऱ्याचशा पालिकेच्या जमिनीवर, तात्पुरत्या परवानगीने. मग जमिनीचे भाव चढले आणि १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढायचं ठरलं. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' आणि अभिनेत्री बेट मिडलरची 'न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट' यांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. वीस-पंचवीस वर्षं बाग तात्पुरती म्हणून चालली, आणि शेवटी वाचली ती मालकी बदलली तेव्हाच.

भित्तिचित्रांवर मी फार रेंगाळत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. वस्तीत रंग आला की वस्तीचा भाव वाढतो आणि तो वाढीव भाव जमीनमालकाच्या खात्यात जातो. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या अशा बदलाला १९६४ मध्ये 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिलं, म्हणजे हे नवं नाही. बर्लिनच्या क्रॉइट्झबर्ग भागात ब्लू या चित्रकाराची दोन प्रचंड भित्तिचित्रं होती. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने ती एका रात्रीत काळ्या रंगाने बुजवण्यात आली, कारण ज्या बांधकामामुळे तिथली माणसं हटणार होती त्याची जाहिरात त्या चित्रांनी व्हावी हे ब्लूला नको होतं. न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या भित्तिचित्रांनी भरलेल्या इमारतीत उलट घडलं. तिथे मालकाने २०१३ मध्ये भिंतींवर पांढरा रंग फिरवला आणि पुढे इमारतच पाडली. चित्रकारांना २०१८ मध्ये न्यायालयाने मोठी भरपाई दिली खरी. पण भरपाई मिळाली माणसांना, भिंत कोणालाच मिळाली नाही.

आता दुसरा रस्ता. तो कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगतो. छप्पर गळलं की मालकाला फोन करायची सोय संपते, कारण मालकाच्या जागी तुम्हीच बसलेले असता. विमा, अग्निशमन, लेखापरीक्षण, आणि रात्री दहानंतरच्या ढोल-ड्रमवरून शेजाऱ्यांच्या तक्रारी. तीच पाच-सहा माणसं प्रत्येक सभेत दिसतात आणि एकमेकांना वैतागतात. आमच्याकडे एकदा फक्त किल्ल्या कोणाकडे राहाव्यात यावर अख्खी संध्याकाळ गेली. अशा संध्याकाळी ती जुनी, चाकांवरची जागा बरी होती असं मनात येतं.

पण ज्यांनी नियम आधी ठरवले त्यांचं बरं चाललंय असं दिसतं. बर्लिनमधला 'एक्सरोटाप्रिंट' हा छपाईयंत्रांचा जुना कारखाना. तिथल्या भाडेकरूंनीच २००७ मध्ये ९९ वर्षांचा बांधकाम-हक्क (जमीन दुसऱ्याची, इमारत आपली) मिळवला. जमीन दोन सेवाभावी प्रतिष्ठानांनी घेतली, त्यामुळे ती नफ्यासाठी विकता येत नाही. जागेची वाटणी तीन भागांत: एक भाग कामधंद्याला, एक कलेला, एक सामाजिक उपक्रमांना. हे प्रमाण पहिल्यापासून कागदावर असल्याने चित्रकार विरुद्ध सुतार हे नेहमीचं भांडण दरवेळी मुळापासून उकरावं लागत नाही. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराच्या थर्ड वॉर्डमध्ये रिक लो आणि सहा कलावंतांनी १९९३ मध्ये बावीस लहान घरं हाती घेतली, तो 'प्रोजेक्ट रो हाउसेस'. काही घरांत कलाप्रदर्शनं, काहींत शिकणाऱ्या तरुण एकल माता. मला त्यातली शेजारणी-शेजारणींची व्यवस्था चित्रांइतकीच आवडते, थोडी जास्तच.

लांब पट्टा म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही खरं. सामूहिक भूविश्वस्त संस्थेचा (म्हणजे वस्तीच्या वतीने जमीन धरून ठेवणाऱ्या संस्थेचा) अमेरिकेतला पहिला प्रयोग म्हणून जॉर्जिया राज्यातल्या 'न्यू कम्युनिटीज'चं नाव घेतलं जातं. १९६९ मध्ये नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी उभी केलेली ही संस्था दुष्काळात अडकली, सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये जमीन हातची गेली. मालकी घ्यायची तर वाईट वर्षांसाठी शिल्लक हवी. शिवाय तुमच्या भिंतींच्या आतलं भाडं तुम्ही रोखू शकता, समोरच्या इमारतीतलं नाही.

लिव्हरपूलचा ग्रॅन्बी भाग पाहिला तर हे दोन रस्ते वाटतात तितके वेगळेही नाहीत. तिथल्या रहिवाशांनी, त्यांत बायका पुढे होत्या, आधी कोणाला न विचारता रस्त्यावर कुंड्या मांडल्या, फळ्या ठोकलेली घरं रंगवली, महिन्याचा बाजार भरवला. भूविश्वस्त संस्था २०११ मध्ये आली. मग 'असेम्बल' या वास्तुरचना करणाऱ्या तरुण गटाबरोबर घरं दुरुस्त झाली आणि २०१५ मध्ये चक्क टर्नर पारितोषिक मिळालं, जे एरवी कलादालनातल्या कामाला जातं. कुंड्या नसत्या तर संस्था झाली नसती. पण संस्था झाली नसती तर त्या कुंड्या कुठवर पुरल्या असत्या, अशी शंका मला येते.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो: गट अजून एकमेकांना ओळखत नसेल, किंवा काम एका हंगामाचंच असेल, प्रदर्शन, रस्त्यावरचं नाटक, उन्हाळी वर्ग, तर तात्पुरतं खुशाल घ्या. दुरुस्तीचं टेबल महिन्यातून एकदाच लावायचं असेल तर दोन्हींची गरज नाही. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू केलेली 'रिपेअर कॅफे'ची कल्पना जगभर बहुतेक ठिकाणी उसन्या सभागृहातच चालते, आणि उसनं सभागृह असलं तरी तारीख ठरलेली असते. पण मुलं शिकणार असतील, झाडं लावायची असतील, जड यंत्रं बसवायची असतील, तर उशीर सोसून लांब पट्ट्याच्या मागे लागा. निदान माझा अनुभव तसा आहे. तुमचा मालक, तुमची पालिका वेगळी असू शकते.

आणि महिन्याची नोटीस हाच एक पर्याय समोर असेल, तर करारात एक ओळ घालून मागा: नोटीस कधीही द्या, ताबा मात्र तिमाहीच्या शेवटीच घ्या. मालकाचं त्यात फारसं जात नाही, आणि मी पाहिलेले मालक यावर सहसा अडून बसत नाहीत. तुम्हाला तीन महिन्यांचे बुधवार फलकावर लिहिता येतात, खाली बारीक अक्षरात काही न घालता.