कुत्र्याचा ‘घरपोच परवाना’: बार्देशातील एक फसवणूक

पाळीव जनावरांची नोंदणी, लसीकरण आणि सोसायटीचा ना हरकत दाखला, सगळे एकाच फेरीत घरबसल्या करून देतो, असे सांगून एका माणसाने गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आमच्या वसाहतीतून आणि तिच्या मागच्या वाड्यावरून चतुर्थीच्या तोंडावर बरेच पैसे गोळा केले. आमच्या घरातून त्याने अडीच हजार रुपये नेले. पैशांचे दुःख मर्यादित आहे. रेबीजची लस म्हणून त्याने आमच्या कुत्र्याला जे टोचले, त्यातून जे उद्भवले त्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्याने रचलेल्या गोष्टीतील बहुतेक तुकडे खरे होते. ऑगस्ट 2024 मध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात एका लहान मुलाचा मृत्यू झाला, तेव्हापासून कुत्रे पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात राज्यभर वाद सुरू होता, आणि 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेने आक्रमक जातींच्या कुत्र्यांची पैदास व पालन यांवर निर्बंध घालणारे आणि नुकसानभरपाईची तरतूद करणारे विधेयक मंजूर केले. त्या बातम्या ताज्या होत्या. शिवाय गोव्यात जनावरांच्या लसीकरणासाठी दारात माणसे येणे ही नवलाची गोष्ट नाही. रेबीजविरोधी मोहिमेची पथके जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरतात, भटक्या कुत्र्यांना लस देऊन अंगावर रंगाची खूण करतात, पाळीव कुत्र्यांनाही टोचतात आणि मोबाइलवर नोंद करून पुढे जातात; याच कामामुळे 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले. ही पथके पैसे घेत नाहीत. या माणसाने त्यांचे रूप घेतले आणि वर पावतीपुस्तक जोडले.

आमच्या घरी तो आला तेव्हा सासूबाई एकट्या होत्या आणि माटोळीच्या (गणपतीवर बांधण्याच्या फळाफुलांच्या छताच्या) सामानाची यादी करीत बसल्या होत्या. गळ्यात फितीला अडकवलेले ओळखपत्र, हातात मोबाइल, खांद्याला निळी पिशवी. ‘मामी, नवो कायदो आयला, रजिस्ट्रेशन ना जाल्यार सुण्याक व्हरतले’ (नवा कायदा आला, नोंदणी नसेल तर कुत्र्याला नेतील), असे त्याने सुरुवातीलाच सांगितले, आणि कुत्रा नेणार हे ऐकल्यावर सासूबाईंनी पुढचे काहीच विचारले नाही. नोंदणीचे हजार, ओळखीसाठी त्वचेखाली बसवायच्या चिपचे हजार आणि लसीचे पाचशे, असा हिशेब त्याने मांडला. पैसे मोबाइलवरून घेतले ते एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर. पिशवीतून बाटली काढून त्याने आमच्या गावठी, दहा किलोच्या कुत्र्याच्या मानेजवळ इंजेक्शन दिले आणि तिथेच चिपही बसवली असे सांगितले. हा कुत्रा आक्रमक जातीत बसतो, असे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहून कोणीही म्हणणार नाही.

बदल्यात त्याने एक प्लास्टिकचे कार्ड आणि एक लसीकरण पुस्तिका दिली. कार्ड दिसायला सुबक होते, म्हणून ते नीट तपासून पाहण्याजोगे आहे. वर राजमुद्रेचे चित्र, पण खाली ‘सत्यमेव जयते’ नाही. ‘गोवा शासन’ एवढेच छापलेले. कोणत्या खात्याचे, कोणत्या पालिकेचे, कोणत्या अधिकाऱ्याचे, याचा पत्ता नाही. मध्ये बारा अंकी क्रमांक. चौकटीतला कोड मोबाइलने उघडला की एक कोरे पान उघडत असे. त्या बारा अंकांचा उगम पुढे समजला: गायी-म्हशींच्या कानाला जो पिवळा बिल्ला लावतात त्यावर बारा अंक असतात, आणि कुत्र्यांच्या त्वचेखाली बसवण्याच्या चिपचा क्रमांक मात्र पंधरा अंकी असतो. त्याने गुरांचा आकडा कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता.

हे उघडकीस आले ते पोदेरामुळे. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या मुलाच्या पोटरीला कुत्र्याने दात लावले. जखम लहान होती, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. कुत्र्याला लस दिली आहे का, हे डॉक्टरांनी विचारले, पुस्तिका पाहिली, आणि कागद काहीही म्हणत असला तरी मुलाचे डोस आजच सुरू होतील असे सांगितले. त्याच दिवशी पहिला, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असे ते पूर्ण झाले. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवण्यास सांगितले गेले. तो ठणठणीत राहिला, मुलगाही बरा आहे. परंतु ते दहा दिवस घरातील प्रत्येकजण कुत्रा पाणी पितो की नाही एवढेच पाहत होता.

या काळात पुस्तिका घेऊन मी पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी पान उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो त्या माणसाच्या पिशवीबद्दल: आत बर्फ होता का? रेबीजची लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि दमट दुपारी दारोदार फिरलेल्या कापडी पिशवीतून निघालेली बाटली, खरी असती तरी, भरवशाची राहिली नसती. मग त्यांनी पुस्तिकेतील चिकटपट्टी नखाने खरवडली. लसीच्या बाटलीवरचे छापील लेबल सोलून पशुवैद्य पुस्तिकेत चिकटवतात, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. आमच्या पुस्तिकेत त्या लेबलाची रंगीत झेरॉक्स होती आणि तिच्यावरची मुदत लस दिल्याच्या तारखेच्या आधीच संपली होती. शेजाऱ्यांच्या पुस्तिका मागवून पाहिल्या तेव्हा सर्वांवर तोच बॅच क्रमांक निघाला. शिक्क्यावर ‘पशुवैद्यकीय अधिकारी’ असे होते, पण नाव नव्हते आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांकही नव्हता. चिप शोधण्याचे यंत्र मानेवरून फिरवले. ते गप्पच राहिले. कुत्र्याला नव्याने लस द्यावी लागली. पहिल्या इंजेक्शनमध्ये काय होते, हे सांगायला कोणीही तयार नाही.

आता नियमांबद्दल, कारण त्याने वेगवेगळ्या कचेऱ्यांची कामे एकाच पावतीत कोंबली होती. कुत्र्याची नोंदणी हा शहरात पालिकेचा आणि गावात पंचायतीचा विषय आहे, आणि तिचे शुल्क त्या कार्यालयाच्या क्रमांकित पावतीवर घेतले जाते. लसीकरण पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याच्या दवाखान्यात किंवा खाजगी पशुवैद्याकडे होते. कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्याला 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. घरात एक कुत्रा पाळणाऱ्याचा या नोंदणीशी संबंध नाही, तरी आमच्या कार्डावर ‘ब्रीडर’ असा शब्द होता. सोसायटीचा ना हरकत दाखला तर निव्वळ कल्पित आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. येथे आमच्या समितीबद्दल एक वाक्य लिहिणे भाग आहे: तिने जिन्यातल्या फलकावर ‘पाळीव प्राण्यांसाठी एनओसी अनिवार्य’ अशी सूचना कित्येक महिने लावून ठेवली होती, आणि त्या माणसाने दारोदार तिचेच छायाचित्र दाखवले.

वरच्या मजल्यावरील आजोबांची गोष्ट अधिक अवघड आहे. त्यांच्याकडे गळ्याशी लाल कडे असलेला हिरवा पोपट होता, आणि वन खात्याची सूट मिळवून देतो, पोपट केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर चढवतो, असे सांगून त्याने चार हजार रुपये घेतले. ती नोंदणी खरीच अस्तित्वात आहे, परंतु ती परदेशी प्रजातींसाठी आहे. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी ती अनिवार्य झाली आणि आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांसारखे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील पक्षी बाळगणाऱ्यांना ती लागू होते. आपला रानातला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा, आणि कोणत्याही फीने तो नियमित होत नाही. आजोबा तक्रार करायला धजावले नाहीत, कारण तक्रारीच्या पहिल्याच ओळीत पोपटाचा उल्लेख करावा लागला असता. फसवणारा नेमकी अशीच माणसे निवडतो, असे आता वाटते. पुढे त्यांनी पोपट वन खात्याच्या स्वाधीन केला. पैशांचा विषय ते काढत नाहीत. मांजरे पाळणाऱ्या घरांचे पैसे वाचले, कारण मांजर त्याच्या हाती लागले नाही.

वाड्यावर मात्र त्याचे काही चालले नाही. तिथे एका वृद्ध बाईंकडे दोन गायी आणि थोड्या गावठी कोंबड्या आहेत. गायींच्या कानातील बिल्ल्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, असे त्याने सांगितले. बाईंनी गोठ्यातूनच विचारले की गुरांच्या दवाखान्यात सध्या कोणते डॉक्टर आहेत, आणि उत्तर येईपर्यंत शेण ओढीत राहिल्या. उत्तर आले नाही. बिल्ल्यावरचा क्रमांक त्या जनावराचा जन्मभराचा असतो. त्याला नूतनीकरण नसते. गायी मोकाट सुटल्या तर कोंडवाड्यात जातात आणि दंड भरून सोडवाव्या लागतात, तो सगळा व्यवहारही पालिकेच्या किंवा पंचायतीच्या पावतीवरच होतो.

आम्ही कुटुंबांनी मिळून पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत लोकसेवक असल्याचा बहाणा करण्यासाठी कलम 204 आणि फसवणुकीसाठी कलम 318 आहे, आणि बनावट दस्तऐवजाचा मुद्दा त्यांत वेगळा जोडला जातो. पैसे मोबाइलवरून गेले असल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी तेवढीच संधी असते. आम्ही ते केले तेव्हा आठवडे उलटले होते आणि खाते रिकामे होते. खातेधारक परराज्यातील निघाला आणि त्याला या व्यवहाराची कल्पनाच नव्हती, असे आम्हाला सांगण्यात आले.

तक्रार देताना आम्ही कार्ड, पुस्तिका, पावती आणि पैसे पाठवल्याचा पडद्यावरचा पुरावा असे सर्व जोडले. ज्यांनी संतापाने कार्ड फाडून टाकले होते त्यांच्या जबान्या नोंदल्या गेल्या, पण बॅच क्रमांक जुळवता आला तो फक्त पुस्तिका जपून ठेवलेल्या घरांचा. ज्यांच्या कुत्र्यांना त्याने टोचले आहे त्यांनी कागद जपून ठेवावेत आणि त्या इंजेक्शनला लस न समजता कुत्र्याला दवाखान्यात नेऊन पुन्हा लस द्यावी. तो मध्यम उंचीचा, पस्तिशीचा, कोकणी सफाईने बोलणारा आहे, आणि शेजारच्या प्रभागात तो सध्या कोंबड्यांच्या परवान्याबद्दल बोलत फिरत असल्याचे परवाच कानावर आले.