दिवेआगरचा माड आणि मार्केट यार्डाचा नारळ

परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर एक पोस्टर पाठवलं. खाली विचारलं होतं, "ताई, हा तोच का हो?" हापूसचं कलम दत्तक घ्या, कलमाला तुमच्या नावाची पाटी, दर वर्षी फोटो, सहाव्या वर्षापासून पेटी घरपोच. मजकूर मला तोंडपाठ होता, कारण कोकणात माड लावून देण्याच्या अशाच एका योजनेत मी फसले होते. माडाच्या जागी कलम घातलं होतं आणि नारळाच्या जागी पेटी. फोन नंबर तेवढा नवा. एरवी हा विषय निघाला की मी उठून आत जाते. पण पोस्टर पुन्हा फिरायला लागलंय म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

मी कोथरूडला राहते, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. गणपतीच्या दहा दिवसांत चार हजारांच्या आसपास मोदक होतात, त्याला साडेतीनशे-चारशे नारळ लागतात. बरीच वर्षं हे नारळ दिवेआगरहून यायचे. तिथे आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या काकूंची घरामागे वाडी आहे. श्रावण सरता सरता माणगावकडून ताम्हिणी घाटातून येणाऱ्या एखाद्या टेम्पोत त्या पोती चढवून द्यायच्या. त्या नारळाचा चव कढईत पडला की गुळाआधी त्याचाच वास सुटायचा. असो, मोदकांचं कौतुक पुरे.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. पुण्यातही त्या दिवशी झाडं पडली, आमच्या गल्लीत गुलमोहर आडवा झाला आणि दिवसभर वीज नव्हती, तेवढ्यावर आम्ही हैराण. काकूंचा फोन लागायला दोन आठवडे गेले. लागला तेव्हा त्या रडल्या-बिडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगो, ओटीवरनं समुद्र दिसतो आता." त्या घरात मी कितीतरी वेळा राहिले आहे. ओटीवरून समुद्र कधी दिसला नव्हता, फक्त ऐकू यायचा. मधली झाडंच गेली होती.

हे एवढं सांगायचं कारण, मला ज्याने फसवलं त्याला यातलं सगळं माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त.

२०२१ च्या जानेवारीत, लॉकडाऊन सैल झाल्यावर, आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये कोकणी पदार्थांचं प्रदर्शन भरलं होतं. कोकम, आंबापोळी, कुळथाचं पीठ. एका टेबलावर माल फारसा नव्हता, पण मागे पडलेल्या पोफळींचे, म्हणजे सुपारीच्या झाडांचे, मोठमोठे फोटो लावले होते. पस्तिशीचा माणूस, साधा शर्ट, बोलणं किनाऱ्याकडचं. मी "दिवेआगर" म्हटलं मात्र, त्याने हातातलं काम ठेवलं.

तो जे बोलला त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं. सरकारने बागायतीची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, पण कोकणातली वाडी हेक्टरात कुठे असते? ती गुंठ्यांत. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये पडतात. मग ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, माडाला २५० आणि पोफळीला ५०. पन्नास रुपयांत पडलेलं खोडसुद्धा कापून बाहेर निघत नाही, कारण वाडीतल्या वाटा अरुंद, जेसीबी आत शिरत नाही. पोफळ उघड्या जागी लावता येत नाही, कोवळं रोप उन्हाने करपतं, आधी केळी लावून सावली करावी लागते. वादळातून वाचलेल्या पोफळींची खोडंही आता एका बाजूने उन्हाने भाजताहेत, कारण शेजारची झाडं राहिली नाहीत. मी काकूंकडून यातलं निम्मं ऐकलेलं होतं, त्यामुळे उरलेल्या निम्म्यावर विश्वास बसायला वेळ लागला नाही.

मग योजना. एक माड २,५०० रुपये, एक पोफळ ९०० रुपये. त्यात रोप, खड्डा, आळं, खत आणि तीन वर्षांची निगा. झाडाजवळ नावाची पाटी. फळ धरलं की दर वर्षी माडामागे दहा नारळ, बाकी उत्पन्न वाडीवाल्याचं. मी चार माड आणि दहा पोफळी घेतल्या. एकोणीस हजार. मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा पडद्यावर संस्थेचं नाही, एका व्यक्तीचं नाव आलं. मी विचारलं. तो म्हणाला, संस्थेचं खातं उघडतोय, लॉकडाऊनमुळे बँकेत अडकलंय. पटलं. त्या वर्षी सगळ्यांचं सगळंच कुठे ना कुठे अडकलं होतं.

काकूंना एक फोन केला असता तर हे तिथेच संपलं असतं. केला नाही, कारण त्याने आधीच बांध घालून ठेवला होता. म्हणाला, "पहिल्या टप्प्यात अकरा वाड्या घेतल्यात, तुमच्या काकूंची दुसऱ्यात आहे. आत्ताच बोलू नका, गावात उगीच मन कलुषित होतं. आम्हाला का नाही, असं वाटतं." मला हे समजूतदारपणाचं वाटलं! पुढची तीन वर्षं मी काकूंशी नारळाखेरीज सगळं बोलले.

मिक्सर विकून कोणी फसवलं तर आठवड्यात कळतं. माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, पोफळीलाही जवळपास तेवढीच. तितकी वर्षं कोणी काही मागणार नाही, आणि मागितलं तर "ताई, झाड आहे, कारखाना नाही" असं म्हणता येतं. किनाऱ्यावरच्या लोकांना जी वर्षं खरोखर जड जात होती, तीच याला फुकटात मिळाली होती.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाहेरून गुजरातकडे गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज, रोपं उखडली, पुन्हा लागवड करावी लागेल, झाडामागे ३०० रुपये. चौदा झाडांचे ४,२०० मी दिले. शंका आली नाही, उलट वाईट वाटलं. मोठी जाऊ आणि एका मैत्रिणीला मीच सांगितलं, त्यांनी मिळून पाच माड घेतले, म्हणजे आणखी साडेबारा हजार.

आणि मग मी जे केलं ते माझं मला अजून खातं. २०२१ च्या गणपतीत मोदकांच्या डब्यात चिठ्ठी घातली. दिवेआगरच्या वाड्या पुन्हा उभ्या राहताहेत, ज्यांना जमेल त्यांनी हातभार लावा. लोकांनी एकावन्न रुपयांपासून पाचशेपर्यंत दिले. त्या वर्षी १४,३०० जमले, पुढच्या वर्षी २१,७००. एकूण १२६ जणांचे ३६ हजार, नावनिशीवार वहीत लिहून, मी त्याच्या त्याच खात्यात पाठवले. पावत्या मिळाल्या. छापील, झाडाचं चित्र असलेल्या. त्यांवर नोंदणी क्रमांक नव्हता, पॅन नव्हता, देणगीवर करसवलत देणाऱ्या ८०जीचा उल्लेख नव्हता. एका सीए गिऱ्हाइकाने तेव्हाच विचारलं होतं, ८०जी आहे का? मी म्हटलं, गावची मंडळी आहेत हो, त्यांना कुठे हे सगळं! न्यास नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंद असते आणि ती तपासता येते, हे मला नंतर कळलं.

२०२२ च्या गणपतीआधी तो स्वतः घरी आला, पन्नास नारळांचं पोतं घेऊन. "वाडीतल्या जुन्या माडांचे, तुमच्यासाठी भेट." पोतं सोडलं आणि पहिला नारळ हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं. वादळानंतर मी दोन वर्षं नारळ मार्केट यार्डातून घेत होते. तिथे नवा, मद्रास, पालकोल, साफसोल असे प्रकार मिळतात, आणि दिवसाला चाळीस नारळ फोडणाऱ्या बाईला त्यातला फरक अंधारातही कळतो. हा पालकोल होता. आंध्रातून येणारा. दिवेआगरच्या वाडीत तो उगवत नाही. आणि तरी मी त्याला चहा दिला. मनात म्हटलं, वाडीचे कमी पडले असतील, बिचाऱ्याने लाजेकाजेस्तव विकत आणले असतील. त्याची सबब त्याच्याआधी मीच तयार केली.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दिवेआगरला गेलो. रात्री ओटीवर बसलो असताना मला राहवेना, काकूंच्या मुलाला त्या योजनेवाल्याने पाठवलेला माझ्या माडाचा फोटो फोनवर दाखवला. म्हटलं, तीन वर्षांचा माड एवढाच असतो का रे? त्याने फोटो मोठा केला, इकडे तिकडे सरकवला. "मावशी, हे पान बघा. सलग आहे. माडाचं रोप लहान असतं तेव्हा पान असं अख्खं येतं, वर्षभरात फुटायला लागतं, मग कंगव्यासारखं होतं. हे वर्षाचंही नाही." मग त्याने बोट खाली नेलं. रोपाच्या बुडाशी मातीतून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीची कड वर आली होती. "हे लावलेलंच नाही. नर्सरीतलं आहे, पिशवीवर माती लोटली आहे."

जावेला त्याच वेळी फोन करून तिच्या माडाचा फोटो मागवला. पाटीवर तिचं नाव, माझ्या फोटोत माझं. पण डावीकडच्या पानाला किड्याने पाडलेलं भोक दोन्ही फोटोंत त्याच जागी. मागची निळी टाकी तीच. एकच रोप, पाट्या बदललेल्या.

मग सातबारा काढला. २०२१ मध्येच त्याने मला एका वाडीच्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला होता, वरचा भाग कापलेला, गट नंबर तेवढा दिसत होता. मी तो फाइलमध्ये लावून ठेवला होता, कागद आहे म्हणजे काम पक्कं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर घातला की सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. ओटीवर बसून पाच मिनिटांत निघाला. गट खरा होता. खातेदार भलतेच निघाले, काकूंच्या ओळखीतले, वयस्कर, मुंबईला मुलाकडे राहणारे. सकाळी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "माझ्या वाडीत वादळानंतर कुणी पाऊल ठेवलेलं नाही. खोडंसुद्धा तशीच पडून आहेत."

त्याला फोन केला तर तो शांत होता. म्हणाला, जागा बदलली, सांगायचं राहिलं, पुढच्या आठवड्यात नवीन फोटो पाठवतो. सात-आठ दिवसांनी नंबर बंद.

पुण्यात येऊन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पलीकडची मुलगी सभ्यपणे बोलली, पण पैसे जाऊन काही तास झाले असतील तर खातं गोठवता येतं, वर्षं उलटल्यावर तिथे काही उरत नाही. चौकीत लेखी अर्ज दिला, पावत्या, फोटो, खात्याचे उतारे जोडून. साहेबांनी वाचून विचारलं, "नारळ तुम्हाला कधी मिळणार होते?" म्हटलं, २०२७ ला. ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणजे वायद्याची मुदत अजून संपलीच नव्हती! हा दिवाणी मामला आहे की फौजदारी, यावर दोन खेपा गेल्या. एकाच रोपाचे दोन पाट्यांचे फोटो शेजारी शेजारी छापून नेले तेव्हा अर्ज घेतला. पोच आहे माझ्याकडे. पुढे काही झालेलं नाही.

माझे तेवीस हजार गेले ते गेले. जावेने विषय काढला नाही, मैत्रिणीने काढला आणि बरं झालं. गिऱ्हाइकांचे ३६ हजार मात्र २०२४ च्या गणपतीत वही काढून परत केले, डब्याबरोबर पाकीट. बऱ्याच जणांनी घेतले नाहीत, "तुम्हीच फसलात, तुम्ही कशाला देता" म्हणाले. शेजारच्या इमारतीतल्या आजींनी एकावन्न रुपये मोजून घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी मला विचार." मला त्यांचंच बरं वाटलं.

काकूंना सगळं सांगितलं तेव्हा त्या माझ्यावर नाही, दुसऱ्याच गोष्टीवर चिडल्या. वादळानंतर दोन वर्षं पुण्या-मुंबईकडची ओळखीची माणसं मदतीचं विचारायची, मग हळूहळू थांबली, कारण प्रत्येकाला वाटत होतं आपण कुठेतरी दिलेच आहेत. "आम्हाला तुमचे पैसे नको होते गो," म्हणाल्या. "चार दिवस येऊन राहिला असतात, तर खोल्यांचे पत्रे बदलून झाले असते." ते पत्रे त्यांनी शेवटी सोसायटीचं कर्ज काढून घातले.

त्यांनी स्वतः लावलेल्या माडांपैकी एकाला यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली. फोटो पाठवला होता, वाकडा, अर्ध्यात त्यांचं बोट. वादळातून वाचलेल्या एकोणीस माडांचे मिळून यंदा साठ नारळ मला देता येतील म्हणाल्या. गणपती जवळ आले आहेत. बाकीच्या नारळांसाठी मंगळवारी मार्केट यार्डात जायचं आहे.