इटालियन शब्द: अर्थ इंग्रजीत लिहावा की मराठीत?

इटालियन शिकू लागलेल्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे: वहीत शब्दापुढे इंग्रजी अर्थ लिहू की मराठी?

मेहनतीच्या हिशेबात इंग्रजी सरस. कोश, ॲप, शब्दयाद्या सगळं तयार मिळतं. मराठी वही बहुतेक स्वतःच भरावी लागते. लॅटिनच्या वारशामुळे अनेक शब्द लगेच ओळखूही येतात: स्तात्सिओने म्हणजे स्टेशन, नात्सिओने म्हणजे नेशन.

पण ही ओळख फसवतेही. कामेरा म्हणजे खोली. लिब्रेरिआ म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे. पारेन्ती म्हणजे आईवडील नव्हे, नातेवाईक. समोर मराठी अर्थ असला की असा घोळ होत नाही.

वाक्यरचनेत मराठी फार पुढे आहे, आणि मला हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो. 'मी पिआचे इल लिब्रो' म्हणजे मला पुस्तक आवडतं. पुस्तकं अनेक झाली की 'मी पिआच्चोनो इ लिब्री', मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजी 'आय लाइक' धरून बसलात तर इथे हमखास अडखळाल. निर्जीव वस्तूंना लिंग असणंही आपल्याला नवं नाही.

उच्चार तर देवनागरीतच लिहावेत: नोन्नो म्हणजे आजोबा, नोनो म्हणजे नववा.

नात्यांत मात्र इंग्रजी बरी. त्सिओ काकाही आणि मामाही, म्हणजे सरळ अंकल.

थोड्या दिवसांच्या प्रवासापुरते किंवा अभ्यासविषयाचे शब्द हवे असतील तर इंग्रजी अर्थ पुरेत. तिथे राहून बोलायचं असेल तर मराठी वही घाला, निदान क्रियापदांसाठी तरी.