विंडोज १० वरून ११ वर जाताना: अपग्रेड करावे की नव्याने टाकावे?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे ज्यांच्या संगणकात टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत: आहे त्या प्रणालीवरच अपग्रेड करणे, किंवा डिस्क कोरी करून विंडोज ११ नव्याने टाकणे. यांची तुलना बहुधा सोयीच्या अंगाने केली जाते, पण काही बिनसल्यास माघारी कितपत फिरता येईल, हे आधी पाहिलेले बरे.

थेट अपग्रेडमध्ये फाइली, प्रोग्राम आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये जपली जाते आणि साधारणतः १० दिवसांच्या आत मागे जाता येते. मात्र जागा मोकळी करण्याच्या भरात तो फोल्डर उडवला की परतीचे दोर कापले जातात, आणि महिनाअखेरीसच उघडले जाणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर अडले आहे हे कळेपर्यंत ती मुदतही सरलेली असू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फाइलीच पुसल्या होत्या व मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले होते. म्हणून ‘फाइली तशाच राहतील’ या भरवशावर बॅकअप टाळू नये. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ते कुलूप उघडणारी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

नव्याने टाकलेली प्रणाली स्वच्छ असते, जुन्या ड्रायव्हरांचा (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा) गाळ तिच्यात उतरत नाही. परंतु प्रत्येक प्रोग्राम, त्याचा परवाना आणि प्रिंटर पुन्हा बसवावा लागतो. खरी अडचण आपल्याकडच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या) केंद्रांची आहे. तेथे पाने जुळवण्याचे जुने सॉफ्टवेअर पेजमेकर आणि डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला जोडावयाच्या छोट्या उपकरणावर) चालणारे जुने मराठी फाँट-सॉफ्टवेअर अजून वापरात असते, आणि संगणकावर ३२-बिट विंडोज असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही: विंडोज ११ केवळ ६४-बिट असल्याने थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावे लागते. डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळाला नाही, तर ते सॉफ्टवेअर उघडणारच नाही.

थांबण्याचाही पर्याय आहे, पण तो तात्पुरता. घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. त्यात नव्या सुविधा मिळत नाहीत.

घरच्या साध्या संगणकासाठी मी बॅकअप घेऊन थेट अपग्रेडच सुचवेन. ज्यावर पोट अवलंबून आहे अशा यंत्रासाठी मात्र जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज ११ टाकावे आणि जुन्या फाँटमधले एखादे जोडाक्षरांनी भरलेले पान छापून पाहावे. ते बिघडले, तर जुनी डिस्क परत जोडून दुकान त्याच दिवशी सुरू करता येते.