कळलावीच्या हर्बेरियम नोंदी सोलापुरातून पाहताना : जीबीआयएफ सेवेचा अनुभव

सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला जुना हर्बेरियम नमुना (वाळवून संग्रहात जतन केलेली वनस्पती) पाहायचा असला, की पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम गाठावे लागते, आणि पुणेही येथून सुमारे 250 किलोमीटरवर आहे. त्यामुळे कळलावी या वेलीवरील प्रकल्पासाठी विद्यार्थिनींबरोबर गेला पावसाळाभर वापरलेल्या जीबीआयएफ (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी) या ऑनलाइन सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

जीबीआयएफची स्थापना 2001 साली झाली, तिचे सचिवालय कोपनहेगन येथे आहे आणि जगभरातील संग्रहांच्या नोंदी ती विनामूल्य उपलब्ध करून देते. शोध घेताना ‘जतन केलेला नमुना’ हा प्रकार आवर्जून निवडावा. अन्यथा हौशी निरीक्षकांची छायाचित्रेही त्यात मिसळतात. कळलावीला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलेले ग्लोरिओसा सुपर्बा हे शास्त्रीय नाव आज मान्य आहे, परंतु अनेक जुन्या लेबलांवर ग्लोरिओसा सिम्प्लेक्स असे आढळते. ही सेवा दोन्ही नावांच्या नोंदी एकत्र दाखवते आणि लेबलावरील मूळ नावही जपते, हा तिचा मला सर्वाधिक भावलेला गुण आहे.

ज्या नोंदींसोबत शीटचे, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवलेल्या कागदाचे, छायाचित्र आहे, त्या शिकवण्यासाठी अमोल आहेत. पानाचे टोकच प्रतान (तणावा) होऊन आधाराला कसे वेढे घालते, हे शंभर वर्षांपूर्वी वाळवलेल्या वेलीवरही स्पष्ट दिसते. पाकळ्यांचा पिवळा-लाल रंग मात्र तपकिरी होऊन गेलेला असतो, म्हणून संग्राहकाने लेबलावर रंग लिहिला आहे की नाही, हे आधी पाहावे.

नमुने कोठे सापडले हे दाखवणाऱ्या सेवेच्या नकाशावरील टिंबांबाबत सावध राहणे आवश्यक आहे. एका संग्रहाच्या नोंदीत लेबलावर केवळ ‘मुंबई इलाखा’ एवढेच लिहिलेले असताना अक्षांश-रेखांश नेमके दिलेले होते. ते प्रमाण मानून अंतरे मोजल्यामुळे एका विद्यार्थिनीचे दोन दिवस वाया गेले. स्थाननाम शोधताना सोलापूरबरोबरच जुन्या इंग्रजी लेबलांवरील ‘शोलापूर’ हे रूपही टाकावे, आणि आपल्या माळरानांवर टिंब नाही म्हणून तेथे वेल नाही असे मानू नये. कदाचित तेथे कोणी नमुना गोळाच केला नसेल. कोणत्या महिन्यात किती नोंदी आहेत हा आलेख पाहण्यापूर्वी देश निवडावा, कारण ही वेल दक्षिण आफ्रिकेतही वाढते आणि तेथील फुलोऱ्याचे महिने आपल्या पावसाळ्याशी जुळत नाहीत.

नोंदी उतरवून घेण्यासाठी मोफत खाते लागते. उतरवलेल्या प्रत्येक संचाला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक मिळत असल्याने प्रबंधात संदर्भ देणे सोपे जाते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक शीटवर कंद मात्र नव्हता. नांगराच्या आकाराच्या याच कंदामुळे कळलावीला संस्कृतात लांगली म्हणतात. तो कोल्चिसिन या द्रव्यामुळे विषारी असतो, औषधासाठी खणूनही नेला जातो, म्हणून आम्ही तो उपटला नाही. विद्यार्थिनींना तो जमिनीत असतानाच, माती थोडी बाजूला सारून दाखवला आणि पुन्हा झाकला.