अर्डिस्लीचं कुंड: साडेचार तारे

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरची काळी-पांढरी लाकडी घरं बघायला निघालात की वाटेत अर्डिस्ली गाव लागतं. माझं ऐका, घरं थांबतील, आधी सेंट मेरी मॅग्डालीन चर्चमध्ये शिरा. तिकीट नाही, काच नाही, दोरी नाही. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड समोरच उभं आहे, साधारण 1150 सालचं. त्या काळी बाळाला अख्खं पाण्यात बुडवायचे, म्हणून तोंड चांगलं ऐसपैस.

मी तर दोन लढवय्यांपाशीच अडकले. एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत घुसलाय, तरी त्या पठ्ठ्याने तलवार उगारलेलीच आहे. दोघांच्याही अंगावर चुण्याचुण्यांचे घट्ट कपडे, आणि भोवती अशी वेल की कुठला दोर कुणाच्या पायातून गेलाय हे बोट फिरवूनच कळावं. हे म्हणे इथला सरदार राल्फ द बास्करव्हिल आणि त्याचा सासरा. मला नाही पटत. घरातली भानगड बाप्तिस्म्याच्या कुंडावर कोण कोरून घेईल?

पुढे सरकलं की ख्रिस्त नरकातून एका माणसाला बाहेर काढतोय. हात पुढे करून आशीर्वाद वगैरे काही नाही, सरळ धरून ओढतोय! तो माणूस अजून वेलीच्या गाठींत गुरफटलेला. पाप म्हणजे गुंता, हे इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

या कोरीवकामाच्या शैलीला ‘हेरफर्डशायर स्कूल’ म्हणतात. याच परंपरेतल्या कारागिरांनी याच भागातल्या किलपेक गावचं चर्च सजवलं, शॉब्डनचंही. शॉब्डन बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमाँड स्पेनमध्ये सँतियागोच्या यात्रेला जाऊन आला होता. तिकडचं काम बघून इकडे हे वळण आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण शॉब्डनचं जुनं चर्च अठराव्या शतकात पाडलं आणि कोरीव कमानी बागेत शोभेला उभ्या केल्या. पावसाने तिथले चेहरे पार धुऊन निघालेत. अर्डिस्लीचं कुंड छपराखाली राहिलं, म्हणून छिन्नीची धार अजून दिसते. ही शैली बघायची तर इथेच.

मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून धरा. वेल लगेच उठून येते. आणि निघताना चर्चच्या देखभालीसाठी चार पौंड सोडायला जड वाटू देऊ नका.

वेळ असेल तर याच भागातल्या कॅसल फ्रोम गावचं कुंडही बघा. तिथे ख्रिस्ताचा बाप्तिस्मा आहे, पाण्यात मासेसुद्धा आहेत, आणि तळाशी भाराने वाकलेली माणसं. एकच जमणार असेल तर मात्र अर्डिस्ली.

अर्धा तारा अर्डिस्लीच्या कुंडावर कोरलेल्या सिंहापायी कापलाय. एवढी जागा अडवून बसलाय, पण भीती म्हणून वाटत नाही.