खिलार वळू की कृष्णा व्हॅली वळू: बांधा पाहून निवड करताना

अथणी, रायबाग, चिक्कोडी, निपाणी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पट्ट्यात देशी गाईंचा छोटा कळप उभा करायचा म्हटला की वळूच्या बाबतीत दोन नावे समोर येतात: खिलार आणि कृष्णा व्हॅली. खिलार कुठल्याही बाजारात दिसतो, कृष्णा व्हॅलीचा शुद्ध वळू मात्र शोधून काढावा लागतो. दोन्ही जाती आपल्याच मातीतल्या आहेत. पण त्यांचे बांधे मुळातच वेगळ्या कामांसाठी घडले असल्यामुळे एकाच्या मापाने दुसऱ्याला तोलले तर निर्णय हमखास चुकतो. माझे मत आधीच मांडतो. ज्यांच्या दावणीला खिलार गाई आहेत, त्यांनी खिलार वळूच घ्यावा. ज्यांची शेती कृष्णा, घटप्रभा किंवा मलप्रभेकाठच्या भारी काळ्या जमिनीत आहे आणि ज्यांना कळप नव्याने सुरू करायचा आहे, त्यांनी थोडी तसदी घेऊन कृष्णा व्हॅलीचा विचार अवश्य करावा. मात्र जात कोणतीही ठरो, पाय आणि वृषण तपासल्याशिवाय वशिंड, शिंगे आणि रंग यांकडे पाहूच नये.

प्रथम दोन्ही जातींचा साचा पाहू. खिलाराचा देह लांबट, गोलसर आणि घट्ट बांधलेला असतो. कातडी अंगाला चिकटलेली, गळ्याखालची पोळी अगदी थोडी आणि बेंबीखालचे आवरण, म्हणजे लिंगाभोवतीची कातडी, आखूड असते. कपाळ लांब आणि अरुंद असून त्याच्या मधोमध एक खोलगट रेघ असते. शिंगे मुळाशी जवळजवळ असतात, कपाळाच्या रेषेत मागे जातात आणि मग कमानीसारखी वर वळतात. कृष्णा व्हॅलीचा बांधा याच्या उलट आहे. देह भारदस्त, छाती रुंद आणि खोल, मान आखूड व जाड, पाय आखूड पण भक्कम, पोळी मोठी आणि लोंबती, तर बेंबीखालचे आवरण किंचित लोंबते असते. कपाळ पुढे आलेले आणि शिंगे लहान असतात. ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली आणि आसपासच्या पटवर्धन संस्थानांत, काळ्या रानात जड नांगर ओढणारा बैल हवा म्हणून, गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसुरी वळणाची स्थानिक गुरे यांच्या संकरातून तयार झाली. खिलाराच्या वाट्याला कोरडवाहू माळरान आणि लांब पल्ल्याची वाहतूक आली, तर कृष्णा व्हॅलीच्या वाट्याला चिकणमातीतला संथ आणि जोरकस नांगर आला. आज दोन्ही कामे ट्रॅक्टरने घेतली असली तरी बांध्यातला हा फरक टिकून आहे.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांतही वळूचा बांधा बारकाईने पाहतात. अमेरिकेत ब्राह्मण (Brahman) ही गुरांची जात उभी राहिली तेव्हा गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा व्हॅलीचे रक्तही तिच्यात गेले. तिथला परीक्षक वळूच्या मागे उभा राहून मांड्या किती भरल्या आहेत, कमरेवर मांस किती रुंद बसले आहे आणि लांबीला देह किती आहे हे पाहतो. कर्नाटकात 2020 च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर बंदी असल्यामुळे हा निकष आपल्या उपयोगाचा नाही. किंबहुना आपल्याकडे तो उलटाही पडू शकतो, कारण ज्या वळूच्या मांड्या फार भरलेल्या असतात त्याचे वासरू मोठे होऊन पहिलारू कालवड अडण्याची भीती असते. पण त्या परीक्षकांच्या पद्धतीतला दुसरा भाग, म्हणजे चाल, खूर आणि प्रजननाचे अवयव यांची तपासणी, जशीच्या तशी घेण्याजोगी आहे, कारण गाभण ठेवण्याचे काम सगळ्या जातींच्या वळूंसाठी सारखेच असते.

आता पायांकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. गाईवर चढताना वळूचे जवळजवळ सारे वजन मागच्या दोन पायांवर येते. मागच्या पायाचा मधला सांधा फार सरळ असला, म्हणजे बाजूने पाहिल्यावर पाय खांबासारखा उभा दिसला, तर प्रत्येक चढाईचा धक्का थेट सांध्यात बसतो आणि दोन-तीन वर्षांत तिथे सूज येते. हाच सांधा प्रमाणाबाहेर वाकलेला असला तर टाचेवर आणि स्नायुबंधांवर ताण येऊन टाच झिजते. यांतला सरळ पायाचा दोष मी अधिक गंभीर मानतो. मागून पाहताना दोन्ही सांधे एकमेकांकडे वळलेले असतील तर तेही पाहून ठेवावे, पण थोडासा कल चालवून घेता येतो. बाजारात विक्रेता वळूचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभा करतो. त्यामुळे पाठ उतरती दिसते आणि जनावर उंच वाटते, पण मागचे पाय नीट पारखता येत नाहीत. म्हणून वळू सपाट आणि कडक जमिनीवर आणायला सांगावे, पायाखालचा कडबा बाजूला करावा आणि कासरा सैल धरून वीस-तीस पावले चालवून घ्यावे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा त्याच्या अगदी जवळ पडला तर चाल चांगली. तो बराच मागे पडत असेल तर खांदा किंवा मागचा सांधा आखडला आहे असे समजावे. मग खाली बसून खुरांचा पुढचा भाग पाहावा. एका बाजूचे नख जास्त वाढलेले आणि दुसऱ्या बाजूचे जास्त झिजलेले असेल, तर चालताना वजन कुठे पडते ते खूरच सांगतो.

या कसोटीवर खिलार सहसा उजवा ठरतो. त्याचे खूर काळे, लहान आणि कठीण असतात, पाय समोरून पाहता सरळ आणि कोरडे, म्हणजे सूज नसलेले, असतात, आणि खानापूरच्या दगडाळ वाटांवर किंवा अथणीच्या पूर्वेकडच्या माळावर त्याला सहज चालता येते. कृष्णा व्हॅलीचा देह जड असल्यामुळे पायांतला लहानसा दोषही त्याच्यात लवकर बोचतो. म्हणून त्याच्या बाबतीत खूर आणि सांधे दुप्पट काळजीने पाहावेत, आणि दगडाळ रानात चरायला जाणाऱ्या कळपासाठी तो घेऊ नये.

बेंबीखालच्या आवरणाचा मुद्दा आपल्या भागात फारसा कोणी काढत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. उसाची खोडवी, तुरीची धसकटे आणि वेड्या बाभळीचे काटे यांतून फिरणाऱ्या वळूचे लोंबते आवरण ओरखडते, सुजते आणि कधी कधी तो वळू कायमचा निकामी होतो. खिलारात हा धोका फार कमी. कृष्णा व्हॅलीत थोडे लोंबणे जातीचेच आहे, पण ते गुडघ्याच्या रेषेच्या खाली जात असेल तर असा वळू नाकारावा, कारण हा गुण मुलांमध्ये उतरतो.

वृषणांची तपासणी दोन्ही जातींत सारख्याच कडकपणे करावी. दोन्ही वृषण आकाराने सारखे, हाताला घट्ट आणि कुठेही गाठ नसलेले असावेत, आणि पिशवीची मान, म्हणजे अंगाला जोडणारा वरचा भाग, स्पष्ट दिसावा. वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड राहिले तरच वीर्य नीट तयार होते. विक्रीसाठी पेंड घालून फुगवलेल्या वळूच्या पिशवीच्या मानेत चरबी साठते, आणि तो दिसायला देखणा असूनही गाई उलटत, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत राहतात. परिघाची मापेही उपयोगी पडतात. अमेरिकेतल्या पशुप्रजनन तज्ज्ञांनी मांसल वळूंसाठी 15 महिन्यांपर्यंत 30 सेंमी आणि 24 महिन्यांनंतर 34 सेंमी हे किमान परिघ ठरवले आहेत. आपली गुरे उशिरा वयात येतात, त्यामुळे हे आकडे वयाप्रमाणे तंतोतंत लावू नयेत. मात्र दातांनी सारख्या, म्हणजे दुसा (दोन दाती) विरुद्ध दुसा किंवा चौसा (चार दाती) विरुद्ध चौसा, अशा दोन वळूंमध्ये निवड करायची असेल तर साध्या शिवणकामाच्या टेपने घेतलेले माप फार कामी येते. मोठ्या परिघाच्या वळूच्या मुलीही लवकर माजावर येतात, हे कालवडी वाढवणाऱ्याच्या दृष्टीने मोठे आकर्षण आहे.

दुधाचा विचार केला तर कृष्णा व्हॅली पुढे जाते. तिचे एका वेताचे दूध सुमारे 900 किलो धरले जाते, तर खिलाराचे त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. घरापुरते दूध आणि शेणखत यांसाठी गाय ठेवणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. वळूच्या अंगावर दूध दिसत नाही, म्हणून त्याची आई आणि बहिणी पाहाव्यात, त्यांची कास आणि सडांची ठेवण हाताने तपासावी, आणि शक्य असेल तर धार काढण्याच्या वेळीच जावे.

स्वभावाने खिलार तापट आहे. परका माणूस जवळ आला की तो फुसफुसतो, आणि लांब टोकदार शिंगांमुळे घरातल्या बाया-पोरांना त्याच्याजवळ वावरणे जड जाते. कृष्णा व्हॅली संथ आणि हाताळायला सोपी आहे. रंगाबद्दल मी फार लिहीत नाही. कोसा असो वा काजळी, पांढरा असो वा करडा, गाभण ठेवण्याशी त्याचा संबंध नाही, आणि भोवऱ्यांच्या शुभ-अशुभावरून चांगला वळू परत पाठवणे मला पटत नाही.

खिलाराविषयी एक काळजी मात्र मोकळेपणाने मांडायला हवी. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांचे जल्लीकट्टू, कंबळा आणि बैलगाडा शर्यतींना मुभा देणारे कायदे कायम ठेवले, आणि शर्यतीच्या खोंडाला मोठी मागणी आली. वेगवान बैल नावाजला जातो आणि मग त्याच वळणाचे वळू शोधले जातात: पोट वर ओढलेले, छाती अरुंद, बरगड्या सपाट. पळण्यासाठी हे चालेल. पण अरुंद छातीत फुप्फुसाला जागा कमी आणि वर ओढलेल्या पोटात वैरणीला जागा कमी, म्हणून अशा वळूच्या मुली कडबा आणि वाढ्यांवर (उसाच्या शेंड्यांवर) तगत नाहीत. पैदाशीसाठी खिलार घेताना पुढच्या दोन पायांमध्ये चांगले अंतर, खांद्यामागे भरलेला घेर आणि कमानदार बरगड्या पाहाव्यात, मग तो शर्यतीत मागे पडला तरी चालेल. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत माघात जनावरांचा बाजार भरतो. तिथे गर्दी ज्या खोंडाभोवती असते त्याच्यापेक्षा शेजारी शांत उभा असलेला, खोल छातीचा खोंड पैदाशीला अधिक चांगला असू शकतो.

दोन्ही जातींची सरमिसळ करण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. कृष्णा व्हॅलीच्या गाई आधीच थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांच्यावर सोयीसाठी खिलार वळू घालत गेलो तर आणखी एका पिढीत शुद्ध कळप सापडणार नाही. जवळपास वळू नसेल तर पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात शुद्ध जातीच्या वीर्यमात्रेची चौकशी करावी आणि थांबावे लागले तर एक माज थांबावे. उलट, दावणीला चार-पाच खिलार गाई असणाऱ्याला केवळ दुधासाठी कृष्णा व्हॅलीकडे वळण्याचेही कारण नाही. त्याने चांगल्या दुधाच्या खिलार आईचा खोंड शोधावा.

सौदा ठरवण्यापूर्वी पशुवैद्यांकडून ब्रुसेल्लोसिस आणि क्षयाची तपासणी करून घ्यावी आणि ती झाल्याशिवाय इसार देऊ नये. वळू घरी आणल्यावर महिनाभर गाईंपासून वेगळा बांधावा. प्रवासाचा ताण किंवा ताप झाला असेल तर त्याचा वीर्यावरचा परिणाम जवळजवळ दोन महिने राहतो, म्हणून त्या काळात त्याला घाईने कामाला लावू नये. मग दोन-चार गाई दाखवून त्यांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. एकविसाव्या दिवसाच्या आसपास त्या पुन्हा माजावर येतात का यावर नजर ठेवावी. दोनतृतीयांशाहून अधिक गाई उलटल्या तर वळू डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावा. पूर्ण वाढलेल्या वळूला हंगामात पंचवीस-तीस गाई आणि दुसा खोंडाला दहा-पंधरा गाई पुरे. त्याच्या मुली माजावर येऊ लागल्या की त्याला दुसऱ्या गावच्या कळपाशी बदलून घ्यावे.